महाबळेश्वरचा उन्हाळा : विसावा कोणाचा, घाम कोणाचा?

१/ चैत्र सरता सरता मुंबई आणि देश तापू लागले की पावले सह्याद्रीच्या माथ्याकडे वळतात. मोकळ्या हवेत फिरावे, कड्यावर निवांत बसावे, मनाशी चार गोष्टी बोलाव्यात, ही उन्हाळ्याची रीत आज स्वाभाविक वाटते. महाबळेश्वरात तिला दोनशे वर्षांचा राजकीय इतिहास आहे.

२/ मुळात हे तीर्थक्षेत्र. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून यात्रेकरू हा घाट चढत होते. हवापालटासाठी येणारे मात्र नंतरचे.

३/ १८२४ मध्ये साताऱ्यातील लष्करी अधिकारी पीटर लॉडविक या पठारावर आला. सुमारे ४,५०० फूट उंचीवरील थंड हवा त्याला मानवली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने येथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान उभारण्याचे मनावर घेतले.

४/ जागा होती साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची. १८२९ मध्ये करार झाला : वाई भागातील खंडाळा गाव महाराजांना, पठारावरील भूमी कंपनीला. नव्या वस्तीचे नाव पडले माल्कम पेठ.

५/ वस्ती वसवायला हात लागतात. मलाक्का सामुद्रधुनीकडील वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी येथील तुरुंगात ठेवण्यात आले. बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले. साहेबांच्या मेजावरची ताजी भाजी ही हद्दपारांची मेहनत होती. १८६४ च्या सुमारास तुरुंग बंद झाला.

६/ स्थानिकांचेही जीवन बदलले. धावड समाज लाकडी कोळशाच्या भट्ट्यांत लोखंड गाळत असे. जंगलावर निर्बंध आले, भट्ट्या विझल्या आणि अनेकांना मजुरीची वाट धरावी लागली. ज्या दाट सावलीचे पाहुण्यांना कौतुक, तिची किंमत अशीही मोजली गेली.

७/ हंगाम ठरलेला असे. एप्रिल-मे मध्ये मुंबई सरकारचा कारभारच डोंगरावर चढे. सकाळ-संध्याकाळ कड्यांवरील पॉइंटांकडे फेरफटका होई. जूनमध्ये पाऊस कोसळू लागला की बंगले गवताच्या झापांनी शाकारून मंडळी खाली उतरत.

८/ आता प्रतापसिंह महाराजांकडे पाहावे. १८३९ मध्ये कंपनीने त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. ज्यांच्या भूमीवर राज्यकर्त्यांनी उन्हाळी विसावा शोधला, त्यांच्या नशिबी सह्याद्रीचे परतीचे दर्शन नव्हते.

९/ त्यांच्या जागी बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. आज पर्यटक नौकाविहार करतात तो वेण्णा तलाव त्यांच्याच काळातील, १८४२ चा. १८४८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दत्तक वारस नामंजूर करून सातारचे राज्यही खालसा झाले.

१०/ लॉडविकचे नाव एका कड्याला आहे. मळे पिकवणाऱ्या कैद्यांची आणि भट्ट्या विझलेल्या धावडांची नावे कोणत्याही पॉइंटला नाहीत. निवांतपणा वाईट नव्हे. माणसाला तो हवाच. मात्र यंदा त्या कड्यावर वारा अंगावर घेताना या माणसांचीही क्षणभर आठवण व्हावी. इतिहासाचे चिंतन तेथूनच सुरू होते.