रुपयाएवढा पडदा

साखळीला दात बसवून कापायची कल्पना पहिल्यांदा सुचली ती डॉक्टरांना. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री यांनी बारीक दातेरी साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात कमरेच्या हाडाचा पुढचा सांधा मोकळा करायला किंवा सडलेलं हाड काढून टाकायला ती हाडाभोवती घालायची आणि दोन्ही टोकांच्या मुठी आळीपाळीने ओढायच्या. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. छिन्नी-हातोड्याच्या घावांपेक्षा रुग्णाला हे सुसह्य होतं. १८३० मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या बर्नहार्ड हाइनेने तीच साखळी एका चपट्या पात्याभोवती फिरती केली आणि ती फिरवायला हाताचा दांडा लावला. आजची कुठलीही चेनसॉ, म्हणजे आपल्या बोलीतलं झाडं कापायचं ‘कटर मशीन’, उघडून पाहा. मधे पातं, त्याच्या कडेच्या खाचेतून धावणारी साखळी आणि मागे तिला ओढणारं दातेरी चक्र. मांडणी हाइनेचीच आहे.

ती जंगलात पोचायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९२६ मध्ये स्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टीलने विजेवर चालणारी चेनसॉ काढली. वजन ६४ किलो, चालवायला दोन माणसं, आणि जंगलात वीज आणायची कुठून हा प्रश्न होताच. पुढच्याच वर्षी एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलवर चालणारी चेनसॉ चालवून पाहिली आणि त्या डोंगराचंच नाव आपल्या कंपनीला दिलं. तिचंही वजन ५८ किलो होतं. १९२९ मध्ये श्टीलचीही पेट्रोलवरची आली, ४६ किलोंची. एकट्या माणसाने उचलून कापावं असं यात काही नव्हतं.

वजन पुढे कमी होत गेलं. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे हलके ओतीव भाग मिळू लागले, इंजिनं जास्त फेऱ्यांनी फिरू लागली. पण एक घोडं अडूनच बसलं होतं, ते कार्बोरेटरचं. ज्यांनी लुना चालवली आहे त्यांना कार्बोरेटरची वाटी माहीत असेल. वाटीत पेट्रोल साठतं, त्यावर तरंगता फ्लोट असतो, पातळी वाढली की तो सुई वर ढकलून पेट्रोल बंद करतो. गाडी आडवी पडली की हे गणित कोलमडतं. झाड तोडताना तर करवत आडवीच धरावी लागते आणि खालून काप घ्यायचा तर उलटी. म्हणून त्या काळच्या अनेक यंत्रांत इंजिन उभंच ठेवून पातं तेवढं फिरवायची सोय केलेली असे. त्या सोयीचं वजन वेगळं, आणि काप बदलताना दर वेळी थांबायचं ते वेगळंच.

हा तिढा सोडवला रबरी कापडाच्या एका पडद्याने. टोलेडो शहरातल्या टिलटसन कंपनीचे पडद्याचे कार्बोरेटर पन्नासच्या दशकात चेनसॉवर रुळले आणि वाटी गेली, फ्लोट गेला. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधला दाब सारखा कमी-जास्त होत असतो. बारीक भोकातून तोच दाब एका पडद्यावर आणायचा. पडदा थरथरतो आणि पंपासारखं पेट्रोल ओढतो. शेजारी दुसरा पडदा, जुन्या रुपयाएवढा. त्याच्या एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला पेट्रोल. इंजिनाने पेट्रोल मागितलं की तो आत ओढला जातो, बारीक पट्टी दाबतो, सुई उचलली जाते. गुरुत्वाकर्षणाचा इथे काही संबंध उरत नाही. १९५९ मध्ये श्टीलची ‘कॉन्ट्रा’ आली, गिअर नसलेली, १२ किलोंची. साठ-सत्तरच्या दशकांत तर याहून किती तरी लहान, एका हाताने उचलता येतील अशा चेनसॉ अमेरिकेत आणि युरोपात घरोघर गेल्या. छोट्या चेनसॉचा खरा पूर्वज मी या पडद्यालाच मानतो. बाकी सगळे भाग आधीपासून होते.

आणि म्हणूनच वर्षानुवर्षं पडून राहिलेली छोटी चेनसॉ चालू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष याच पडद्याचा असतो. लोक मात्र थेट ‘इंजिन गेलं’ म्हणून भंगारात घालतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी इंजिन तपासावं. दोरीची मूठ धरून मशीन तसंच लटकवावं. ते हळूहळू, टप्प्याटप्प्याने खाली आलं तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. सर्रकन खाली आलं तर खर्चाचं काम आहे. मग प्लग काढून सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि दोरी ओढायची. ठिणगी दिसली नाही तर जुन्या मशीनमध्ये फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. त्यांवर चढलेला गंज बारीक पॉलिश पेपरने घासला की बहुधा काम होतं. ठिणगी असेल तर ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब कार्बोरेटरच्या तोंडात टाकून दोरी ओढावी. इंजिन क्षणभर भडकून बंद पडलं, तर आनंदच मानावा. त्याला फक्त पेट्रोल पोचत नाहीये.

टाकीतली नळी बहुतेकदा हातात तुटून येते, बोटांना काळी शाई लागते. नव्या नळीच्या टोकाला जड फिल्टर लावायचा, म्हणजे मशीन कसंही धरलं तरी तो पेट्रोलात बुडालेला राहतो. मग कार्बोरेटर खोलायचा. खोलताना गॅस्केट आणि पडदा कोणत्या क्रमाने लागले आहेत त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण क्रम उलटा झाला तर सगळं नवं असूनही गाडं पुढे सरकत नाही. जुना पडदा चिमटीत धरून वाकवला की तो वाळलेल्या सोपटासारखा कुरकुरतो. चांगला पडदा चिमटीत लोळतो, त्याचा आवाजच होत नाही. आत नखाएवढी बारीक जाळी असते, तिच्यावर पिवळट चिकट थर साचलेला असतो. तो धुऊन नव्या पडद्यांचं किट बसवलं की अर्ध्याहून अधिक काम झालं.

किट घेताना एक गोष्ट बघा. आपल्या साखर कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, कडक करतं. म्हणून इथेनॉलला टिकणारं रबरच मागावं, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा लोळवल्या तेव्हा वाटा मोकळ्या करायला हीच यंत्रं धावली. असं यंत्र टाकीतल्या पेट्रोलासकट पडवीत ठेवलं, तर पुढच्या वादळाच्या दिवशी ते चालू होणार नाही.

कार्बोरेटरवर ‘एल’ आणि ‘एच’ असे दोन स्क्रू असतात. दोन्ही हलके बंद करून एकेक आटा उघडावेत, आणि मग कानाने जुळवावेत. इथे हावरेपणा नको. टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलातूनच. जास्त वेगासाठी ‘एच’ आवळला की पेट्रोल कमी, ऑइलही कमी, आणि पिस्टनवर ओरखडे. मोकळी फिरताना चेनसॉचा आवाज जरा फाटका, अडखळता असावा आणि लाकडात शिरली की तो एकसुरी व्हावा.

शेवटी साखळी. तिची कुळी वेगळी आहे. जुन्या साखळ्यांचे दात हातकरवतीचे असत आणि त्यांना धार लावणं हे किचकट काम होतं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनच्या जोसेफ कॉक्सने एका बुंध्यात लाकूड कुरतडणारी भुंग्याची अळी पाहिली. ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण लाकडाच्या शिरांना न जुमानता सरळ पुढे चालली होती. तिच्या वाकड्या जबड्यांवरून त्याने एक डावा, एक उजवा असे इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे दात केले आणि १९४७ मध्ये धंदा सुरू केला. तेच दात आजही आहेत. ते गोल कानशीने घासता येतात, छोट्या मशीनला साधारण ४ मिलिमीटरची कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच झटके द्यावेत, नाही तर काप एका बाजूला वळतो. चाचणीला काप घेतल्यावर खाली पीठ पडत असेल तर धार गेलेली आहे. जाड ढलप्या पडायला हव्यात.

जुन्या छोट्या चेनसॉंना बहुधा साखळी थांबवणारा ब्रेक नसतो. पात्याचं टोक लाकडाला लागलं तर ती उसळून तोंडावर येते. म्हणून दुरुस्त झाल्यावरही तिने फांद्या आणि सरपणच कापावं, टोक लाकडापासून दूर ठेवावं, आणि उभं झाड नव्या, ब्रेक असलेल्या मशीनवर सोपवावं.