मोबाईलवर सातबारा दिसतो, तेव्हा सर्व्हरवरून नेमकं काय येतं?

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा एखादा शेतकरी महाभूलेख उघडतो. पुणे विभाग, पुणे जिल्हा, शिरूर तालुका, मग गाव, मग गट क्रमांक. काही क्षणांत सातबारा मोबाईलच्या पडद्यावर येतो. जणू सरकारी दप्तरातलं पान कुणीतरी उचलून हातात दिलं. प्रत्यक्षात मूळ नोंद जागची हलत नाही. मोबाईलवर येते ती नोंदीची एक प्रत, तीही निवडून काढलेली. वेब अ‍ॅप्लिकेशन कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल, तर हा फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

डेटाबेसमध्ये 'पान' नसतंच

कागदावर गाव नमुना सात आणि बारा एकत्र दिसतात. डेटाबेसमध्ये अशी माहिती साधारणपणे वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतात. जमीन एकीकडे, खातेदार दुसरीकडे, फेरफार आणि बोजा आणखी कुठेतरी. मागणी आली की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम हे तुकडे जोडतो. या जोडणीला प्रोग्रॅमर 'ऑब्जेक्ट' म्हणतात.

हा ऑब्जेक्ट आहे तसा पाठवता येत नाही. तो सर्व्हरच्या मेमरीत असतो आणि इतर ऑब्जेक्टना जोडलेला असतो. एका गटाला चार खातेदार, त्यातल्या प्रत्येकाचे आणखी गट, त्या गटांचे आणखी खातेदार. सामाईक क्षेत्र असलेल्या गावात हा धागा ओढत गेलं तर एका सातबाऱ्याबरोबर अर्धं गाव बाहेर येईल.

म्हणून पाठवण्यापुरता एक छोटा, सुटा ऑब्जेक्ट बनवतात. त्याला 'डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट' किंवा 'डीटीओ' म्हणतात. मग त्याचा साधा मजकूर केला जातो, बहुतेक वेळा 'जेसन' या स्वरूपात. मोबाईलवरचा ब्राउझर तो मजकूर वाचून पुन्हा तक्ता उभा करतो.

डीटीओचा दुसरा उपयोग गोपनीयतेचा. पडद्यावर न दाखवणं आणि न पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, सर्व्हरने खातेदाराचा मोबाईल क्रमांकही पाठवला आणि पानावर फक्त तो लपवला. ब्राउझरमधली 'डेव्हलपर टूल्स' उघडणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो. जे दाखवायचं नाही, ते सर्व्हरवरून निघताच कामा नये.

1.20.50 हा आकडा आहे का?

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. 1.20.50 म्हणजे 1 हेक्टर, 20 आर, 50 चौरस मीटर. माणसाला हे लगेच कळतं. पण दोन टिंबांचा आकडा जेसनमध्ये चालत नाही. दशांशात 1.2050 पाठवला तर बेरजेत वेगळी अडचण येते, कारण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट 0.1 अधिक 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 देते. वाटणीच्या हिशेबात असलं शेपूट नको असेल तर सरळ चौरस मीटरमध्ये 12050 हा पूर्णांक पाठवावा आणि टिंबं दाखवताना घालावीत. गट क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच पाठवायला हवा. 45/2 हा गटाचा हिस्सा आहे, भागाकार नाही.

नावांचीही हीच गत. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत 'शिरूर'ला 15 बाइट लागतात, 'दौंड'ला 12. 'शिरूर' आणि 'शिरुर' आपल्याला एकच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. त्यातच एकच गट क्रमांक भीमेच्या अलीकडच्या न्हावऱ्यात आणि पलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या पारगावातही सापडू शकतो. त्यामुळे नोंदीची ओळख नावावर ठेवून भागत नाही, गावाचा कोड सोबत लागतो.

परत येताना काय येतं?

खरी जोखीम उलट्या प्रवासात आहे. वारस नोंद किंवा बोजा कमी करण्यासाठी शेतकरी 'ई-हक्क' प्रणालीवर अर्ज करू शकतो. तो नवा सातबारा पाठवत नाही, बदलाची मागणी पाठवतो. तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

वेब अ‍ॅप्लिकेशनचा चांगला सर्व्हरही असाच वागतो. मोबाईलकडून आलेला अख्खा ऑब्जेक्ट तो डेटाबेसमध्ये ओतत नाही. कोणत्या रकान्यात बदल चालेल हे तो स्वतः ठरवतो, कारण ब्राउझरमधून निघालेला मजकूर वाटेल तसा बदलता येतो. हे पथ्य पाळलं नाही तर काय होतं, ते 2012 मध्ये 'गिटहब'वर दिसलं. फॉर्ममध्ये एक जादा रकाना घुसवून एका तरुण प्रोग्रॅमरने स्वतःची सुरक्षा-किल्ली 'रूबी ऑन रेल्स' प्रकल्पाला जोडली आणि तिथे बदल करण्याचा अधिकार मिळवून दाखवला. सर्व्हरने तो रकाना विनातक्रार स्वीकारला होता.

आणखी एक प्रश्न शिळ्या प्रतीचा. दोन कर्मचाऱ्यांनी एकच नोंद सकाळी उघडली. पहिल्याने दुपारी बदल केला, दुसऱ्याने संध्याकाळी सकाळच्याच प्रतीवर काम करून 'सेव्ह' दाबलं, तर पहिल्याचा बदल गुपचूप पुसला जाईल. त्यासाठी प्रत्येक प्रतीसोबत आवृत्ती क्रमांक पाठवतात. परत आलेला क्रमांक डेटाबेसमधल्या क्रमांकाशी जुळला नाही, तर सर्व्हर बदल नाकारतो आणि नोंद पुन्हा उघडायला सांगतो.

मग मोबाईलवरच्या प्रतीला किंमत किती?

महाभूलेखवर मोफत दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी तो चालत नाही. त्यासाठी 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. ही स्वाक्षरी फाईलमधल्या मजकुरावरूनच गणिताने तयार होते. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी तपासणीत ती जुळत नाही. छापील उताऱ्यावर ही तपासणी करता येत नाही, म्हणून त्यावर पडताळणी क्रमांक असतो. बँकेतला अधिकारी तो संकेतस्थळावर टाकून समोरचा कागद आणि सर्व्हरवरचा उतारा ताडून पाहू शकतो.