कार्यालयीन दिवस वाढले. वेतनवाढ कशी मागावी?

पुणे-नाशिक महामार्गावर खेड ओलांडल्यावर लागणारे आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव सातगाव पठारावरील बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अशा गावांमध्ये शहरातील भाड्याच्या खोल्या सोडून नोकरदार तरुण परतले आणि घरूनच संगणकावर काम करू लागले. भाडे वाचले, शेतीवर लक्ष राहिले, वृद्ध आई-वडिलांना आधार मिळाला. पुढे कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने कार्यालयात बोलावण्यास सुरुवात केली आणि घरखर्चाची ही नवी घडी विस्कटली. अशा वेळी वेतनवाढ मागणे योग्य आहे काय आणि ती कशी मागावी, हा प्रश्न अनेकांपुढे आहे.

कंपन्यांची भूमिका

हिंजवडीत मोठी संकुले असलेल्या दोन कंपन्यांची उदाहरणे बोलकी आहेत. टीसीएसने एप्रिल २०२४ मध्ये तिमाही परिवर्तनीय वेतन हजेरीशी जोडले. ८५ टक्क्यांहून अधिक हजेरी असल्यास ते पूर्ण, तर ६० टक्क्यांहून कमी असल्यास शून्य, असा तो नियम होता. इन्फोसिसने १० मार्च २०२५ पासून पाचव्या व त्याखालील श्रेणीतील कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवस कार्यालयात येणे बंधनकारक केले. हजेरीला आर्थिक मोल आहे, हे यावरून दिसते. मग कर्मचाऱ्यानेही त्या हजेरीचा खर्च मांडण्यात गैर काहीच नाही.

प्रथम नियुक्तिपत्र पाहा

कामाचे ठिकाण कोणते लिहिले आहे, यावर मागणीचे बळ ठरते. पत्रात पुण्याचे कार्यालय नमूद असेल आणि घरून काम ही केवळ तात्पुरती सवलत असेल, तर कंपनी आपला जुनाच अधिकार वापरत आहे. तेथे वेतनवाढीचा मुख्य आधार आपले काम हाच असावा. प्रवासखर्च हा पूरक मुद्दा. मात्र घरूनच काम करण्याच्या अटीवर नियुक्ती झाली असेल, तर मूळ करारच बदलत आहे आणि मोबदल्याची मागणी अधिक सबळ ठरते.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. सेवाशर्तींतील ठरावीक बदलांपूर्वी २१ दिवसांची सूचना देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. वेतन, भत्ते व कामाचे तास त्या यादीत आहेत; कामाच्या ठिकाणाचा तीत स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय व्यवस्थापकीय कर्मचारी, तसेच दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे बहुतेकांसाठी वाटाघाट हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

हिशेब कागदावर मांडा

समजा, पेठहून हिंजवडीपर्यंतचे अंतर एका बाजूस ५५ किलोमीटर धरले आणि आठवड्याला कार्यालयाचे दोन दिवस वाढले. महिन्याचे सुमारे नऊ दिवस होतात. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर चालते व पेट्रोल १०५ रुपये आहे असे मानल्यास रोजचा इंधनखर्च २३१ रुपये, म्हणजे महिन्याला २,०७९ रुपये होतो. चहा-जेवणाचे रोज शंभर रुपये धरल्यास एकूण खर्च तीन हजारांच्या घरात जातो. चाकणच्या वाहतूक कोंडीसह एका बाजूस दोन तास लागले, तर महिन्याला ३६ तास प्रवासात जातात. म्हणजे नऊ तासांचे चार कामाचे दिवस!

येथे करही लक्षात घ्यावा. प्रवासभत्त्यावरील दरमहा १,६०० रुपयांची सर्वसाधारण करसवलत २०१८-१९ पासून रद्द होऊन तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. म्हणून २० टक्के कराच्या टप्प्यातील व्यक्तीच्या हाती तीन हजार पडण्यासाठी वाढ पावणेचार हजारांहून थोडी अधिक हवी.

मागणी कशी करावी?

आदेश येताच रागाच्या भरात पत्र लिहू नये. वरिष्ठांकडे भेटीची वेळ मागावी आणि वार्षिक मूल्यमापनाचे आकडे ठरण्यापूर्वी बोलावे. सुरुवात गाऱ्हाण्याने नव्हे, तर वर्षभरात पूर्ण केलेल्या कामाने करावी. त्यानंतर, "नव्या व्यवस्थेमुळे माझा मासिक खर्च इतका वाढतो, वेतनात अमुक वाढ व्हावी अशी विनंती आहे," असे नेमक्या आकड्यासह सांगावे. सहकाऱ्याच्या पगाराशी तुलना टाळावी. दुसरी नोकरी हाती नसताना राजीनाम्याची धमकी देऊ नये.

वेतनवाढ नाकारली गेल्यास पर्याय तयार ठेवावेत. कंपनीच्या बसची सोय, गर्दीची वेळ टाळून येण्या-जाण्याची मुभा, कार्यालयाचे दिवस सलग ठेवणे किंवा जवळच्या शाखेत बसण्याची परवानगी यांपैकी एखादी सवलत व्यवस्थापनाला रोख वाढीपेक्षा सहज देता येते. जे ठरेल ते ई-मेलने लेखी करून घ्यावे. वरिष्ठ बदलले की तोंडी आश्वासने विसरली जातात.

एवढे करूनही उत्तर नकारार्थी आले, तरी मांडलेला हिशेब वाया जात नाही. शहरात पुन्हा खोली घ्यावी, रोजचा प्रवास करावा की नोकरी बदलावी, हा निर्णय त्याच कागदावरून घेता येतो.