सेंट हेलेनाची सनद

सेंट हेलेना बेट आपणांस ठाऊक आहे तें नेपोलियनच्या बंदिवासामुळें. पण तेथील रहिवाशांचीही एक कैफियत आहे. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजानें १६६८ सालीं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली, त्यानेंच १६७३ सालीं हें बेटही सनदेनें कंपनीस दिलें. तेथें वसणाऱ्या प्रजाजनांस व त्यांच्या संततीस इंग्लंडांत जन्मलेल्यांचेच हक्क राहतील, असें त्या सनदेंत वचन होतें. (गुलामांस त्याचा लाभ नव्हता, हें निराळें सांगावयास नको.)

१९६२ पासून ब्रिटनचें दार ह्या लोकांस लागत आलें होतें. १९८१ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यानें तें पुरतें लागलें. १९८३ च्या आरंभीं तो अमलांत येतांच पांच-सहा हजार बेटवासी केवळ 'ब्रिटिश अवलंबी प्रदेशांचे नागरिक' ठरले. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनमध्यें राहण्याचा हक्क नाहीं! खरी धास्ती होती हाँगकाँगच्या लक्षावधि वस्तीची. तिच्यापायीं हें चिमुकलें बेट भरडलें गेलें. त्याच वर्षीं फॉकलंडवासीयांस मात्र पूर्ण नागरिकत्व लाभलें, कारण आदल्या वर्षीं तेथें युद्ध झालें होतें. न्यायापेक्षां येथें सोयच बोलली, असें मला वाटतें.

१९९२ सालीं बेटावरील बिशपनीं एक समिति नेमली. तिनें आधार घेतला तो त्या जुन्या सनदेचाच. हाँगकाँग १९९७ सालीं चीनकडे गेलें, भीतीचें कारण सरलें, आणि २००२ च्या कायद्यानें नागरिकत्व परत मिळालें. तें मिळालें २१ मे रोजीं. परंपरेप्रमाणें बेटाच्या शोधास त्याच दिवशीं पांचशें वर्षें पुरीं होत होतीं.