फर्श म्हणजे अंथरलेले

घरातली जुनी शहाबादी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घालाव्यात का, यावर आमच्याकडे दोन महिने खल चालू आहे. मुलगा म्हणतो काढा, सौ. म्हणते पाय घसरेल. इतिहास शिकवण्यात हयात गेल्यामुळे मी आधी फरशीचाच इतिहास काढून बसलो.

‘फरशी’ हा शब्द अरबी-फारसी ‘फर्श’वरून आला. अर्थ, अंथरलेले. आमच्या लहानपणी गावाकडे अंथरायला काही नव्हते, नुसती जमीन. मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. थोड्या दिवसांनी पुन्हा सारवण आलेच, तेही बायकांच्या कमरेवर. त्या जमिनीचे गोडवे गाणारे बहुधा पुरुषच असतात!

शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला चुनखडीचा दगड थराथरांचा असतो, छिन्नी लावली की त्याच्या लाद्या सुटतात. पण इतका जड दगड बैलगाडीने किती लांब जाणार? मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोचला आणि शहाबाद नेमके त्या वाटेवर. आपल्या वाड्यांत, शाळांत ही लादी दिसते, त्याचे निम्मे श्रेय मी आगगाडीला देतो.

पैसेवाल्यांकडे नक्षीच्या विलायती टाइल्स असत. फेरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेने ‘भारत फ्लोअरिंग्ज’ सुरू केली. या सिमेंटच्या टाइल्स भाजत नाहीत. रंगीत सिमेंट साच्यात ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. मग संगमरवरी खड्यांचे मोझेक आले, नंतर व्हिट्रिफाइड.

व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंशांवर भाजलेली असते, अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून हळदीचा डाग धरत नाही. शहाबादीवर लिंबू सांडले की चुनखडी खाल्ली जाते, हे सौ.लाही मान्य आहे. पण गुळगुळीत टाइल ओली झाली की आमच्या वयाला धोक्याची. जुन्या फरशीवरच नवी बसवली तर जमीन वर येते, दारे तासावी लागतात.

म्हणून स्वयंपाकघरातली फरशी उखडून तिथे खरखरीत टाइल्स घालायच्या, बाकी शहाबादी ठेवून सांधे भरायचे आणि पॉलिश करायचे, असे ठरवले. मुलाला हे अर्धवट वाटते. गवंडी सोमवारी येईल. दोन्ही फरश्या उंबऱ्यापाशी एका पातळीत कशा आणायच्या, ते त्याला विचारायचे आहे.