रुग्णवाहिका कुठपर्यंत येते?

कर्जत-खालापुरातल्या तातडीच्या आरोग्यसेवेचा इतिहास दवाखान्यांपेक्षा वाटांवरून लिहावा लागतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला, २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. डोंगरातल्या ठाकरवाड्यांतला रुग्ण मात्र सडकेपर्यंत झोळीतूनच उतरत राहिला.

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मोटारबंदी आहे. पण २००३ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने रुग्णवाहिकेला तेवढी मुभा ठेवली. पाहुण्यांचे गाव ना ते! जवळच, खालापूर हद्दीतल्या इर्शाळवाडीला असली बंदी नव्हती. रस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली. पथके पावसात, चिखलातून पायी चढली. चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. खराब हवेत हेलिकॉप्टर उडेना. मोठी यंत्रे वर नेता येईनात, म्हणून फावड्यांनी आणि हातांनी ढिगारा उपसला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले.

डोंगरी-आदिवासी भागात २०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. तो माणसे मोजतो. वाडीपासून सडकेपर्यंतच्या उतरणीला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.