उपासाचा दाणा

मैत्रिणींनो, एकादशीला भगरीवर दाण्याची आमटी वाढताना आपल्या मनातही येत नाही, की हा दाणा मूळचा इथला नव्हे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. युरोपातल्या दर्यावर्दींच्या जहाजांतून तो दूरदूर पसरला आणि आपल्याकडे येऊन थेट उपासाच्या ताटात बसला. कडधान्यं वर्ज्य असतात त्या दिवशीही हा चालतो. खरं तर तोही शेंगवर्गातलाच! आम्हाला याची गंमत वाटते आणि बरंही वाटतं. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. घरात उपास जास्त करून बाईचेच. त्या दिवशी मूठभर दाण्यांचाच काय तो तिला आधार.

पण १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. कारण शोधता शोधता संशय ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर गेला. पेंडीला बुरशी लागली होती. तिचं विष यकृतावर घाला घालतं. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. दाणे भाजले तरी ते पुरतं जात नाही.

आता आपलं स्वयंपाकघर बघा. टपोरे दाणे लाडवाला, पाहुण्यांना. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे ‘टाकायचे कशाला’ म्हणून चटणीत, नाहीतर निवडता निवडता आपल्याच तोंडात! शेंगा कडकडीत वाळवूनच पोत्यात भरा. बुरशीचा दाणा फेकून द्या. गाईम्हशीच्या आंबोणातही घालू नका, ते विष दुधात उतरतं.